दिवाळं निघालेल्या माणसाची हत्यारं त्याला परत करा

माणसाचं दिवाळं निघालं, कोर्टाने त्याला जुन्या देण्यातून मोकळं केलं, की लोकांचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हे बरंय, आम्ही पोटाला चिमटा काढून हप्ते भरायचे आणि यांनी हात वर करून सुटायचं. दुसरा म्हणतो, बिचारा काय करणार, व्याजच एवढं लावलं होतं, दोष कर्ज देणाऱ्यांचाच. मग कर्ज बुडवणं पाप की नाही यावर तासन् तास भांडण. मला हे भांडणच भलत्या जागी चाललंय असं वाटतं, कारण ज्या पैशावरून ते चाललंय तो केव्हाच गेलाय आणि शिव्या दिल्याने किंवा हळहळल्याने परत येणार नाहीये. मागे उरलाय तो माणूस. तो उद्या काम कुठे मागणार, पगार कुठल्या खात्यात घेणार, त्याला घर भाड्याने कोण देणार, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्यावर दोन्ही तट गप्प बसतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याने सगळी मालमत्ता, सगळी देणी प्रामाणिकपणे समोर ठेवली आणि ज्याची नीट तपासणी झाली, त्याला नुसतं कर्जातून मोकळं करून भागत नाही, त्याला कमावण्याची साधनं परत मिळाली पाहिजेत आणि त्याचा भूतकाळ कुणाकुणाला, किती वर्षं दिसावा याला मर्यादा असली पाहिजे. दया म्हणून हे मागत नाहीये मी. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्याही हिताचं हेच आहे, आणि ज्या लोकांनी हे कायदे पहिल्यांदा केले त्यांना ते पक्कं माहीत होतं.

कर्जमुक्तीचा आदेश हातात आल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते एकदा जवळून बघा. कागदावर देणं शून्य झालेलं असतं, पण जुनं खातं गोठवलेलं किंवा बंद, नवीन उघडायला गेलं की काउंटरवरचा माणूस स्क्रीनकडे बघून जरा थांबतो आणि 'कळवतो' म्हणतो. नोकरीचा फॉर्म भरताना तिसऱ्या-चौथ्या पानावर एक ओळ येते, 'आपणांस कधी नादार घोषित करण्यात आले होते काय', पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन, आणि 'हो असल्यास तपशील द्या' याला जागा अर्ध्या ओळीची. त्या अर्ध्या ओळीत माणसाने काय लिहायचं, की आजारपण होतं, धंद्यातला भागीदार पैसे घेऊन गेला, की नोकरी गेली आणि आठ महिने दुसरी मिळाली नाही? आणि फोन. अनोळखी नंबर दिसला की अंगठा आपोआप आवाज बंद करायच्या बटणावर जातो, वसुलीचे फोन थांबून कितीतरी महिने झाले तरी जातो, आणि त्यातलाच एखादा फोन कामासाठी आलेला असतो. म्हणजे कोर्टाने सोडलं पण बाकी कुणीच सोडलेलं नसतं, तो स्वतःसुद्धा.

आता इतिहास बघू, कारण 'हल्लीचे लोक कर्ज बुडवायला लाजत नाहीत, पूर्वी असं नव्हतं' हे वाक्य या वादात हमखास येतं. पूर्वी काय होतं? पूर्वी कर्जदाराला तुरुंगात टाकायचे. रॉबर्ट मॉरिस म्हणजे ज्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसा उभा केला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि नंतर राज्यघटनेवरही ज्याची सही आहे, तो माणूस जमिनींच्या सट्ट्यात बुडाला आणि १७९८ ते १८०१ फिलाडेल्फियाच्या कर्जदारांच्या तुरुंगात बसला. जॉर्ज वॉशिंग्टन त्याला तिथे जाऊन भेटला. एवढा कर्तबगार माणूस तीन वर्षं कोंडून कुणाचा किती पैसा वसूल झाला? कोंडलेला माणूस कमवत नाही एवढी साधी गोष्ट कळायला जगाला शतकं लागली, इंग्लंडमध्ये कर्जापायी तुरुंग ही पद्धत बहुतांशी संपली ती १८६९ च्या कायद्याने. आपल्याकडे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-दस्तऐवज काढून जाळले, आणि त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यात एक कलम असं होतं की पैशाच्या वसुलीसाठी कोर्टाने दिलेल्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करायची नाही. लाज वगैरे पूर्वी जास्त होती म्हणून लोक फेडत होते असं नव्हतं. फेडू न शकणारे तेव्हाही होते, फक्त तेव्हा ते तुरुंगात किंवा परागंदा असायचे म्हणून दिसत नव्हते.

त्याहून महत्त्वाचा दाखला त्याच्या बराच आधीचा, १७०५ च्या इंग्लिश कायद्याचा. माणसाला उरलेल्या कर्जातून कायमचं मोकळं करायची कल्पना इंग्लिश कायद्यात पहिल्यांदा तिथे आली, आणि तो कायदा काही दयाळू लोकांनी केला नव्हता. तो दिवाळं काढणाऱ्यांच्या लबाड्या रोखण्यासाठीचा कायदा होता, त्याच्या नावातच तसं म्हटलंय. लबाडी करणाऱ्याला त्यात थेट फाशी होती. पण जो व्यापारी आपली सगळी मालमत्ता खरीखुरी उघड करेल त्याला कर्जमुक्ती, आणि शिवाय त्याच्याच मालमत्तेतून पाच टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दोनशे पौंड, पुढच्या आयुष्यासाठी परत. त्यांनी हिशोब असा केला होता की ज्याला पुढे काहीच मिळणार नाही तो असलेलं लपवणार, मित्राच्या नावावर करणार, रातोरात पळणार. त्याला पुढचा रस्ता दाखवलात तर तो स्वतःहून वह्या उघडून ठेवेल आणि ज्यांचे पैसे अडकलेत त्यांच्या हाती चार पैसे जास्त पडतील. फाशीवर विश्वास असलेल्या त्या लोकांनासुद्धा नुसत्या धाकाने पैसे निघत नाहीत हे समजलं होतं.

विरोधातले मुद्दे फालतू आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पहिला मुद्दा शब्दाचा. दिलेला शब्द पाळावा ही गोष्ट समाज टिकण्यासाठी लागते, आणि दिवाळं निघूनही ज्यांनी आयुष्यभर राबून पै न् पै फेडली अशी माणसं आहेत, त्यांच्यापुढे मान झुकतेच. यात नेहमी अब्राहम लिंकनचं उदाहरण देतात, आणि ते खरंच आहे. न्यू सेलम नावाच्या गावात भागीदारीत दुकान काढलं, ते बुडालं, भागीदार वारला, त्याच्या वाट्याचंही कर्ज लिंकनच्या डोक्यावर आलं, गमतीने तो त्याला 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा आणि पुढे कित्येक वर्षं फेडत राहिला. इथपर्यंत सगळे सांगतात. मधला भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. १८३४ मध्ये त्याच्यावर झालेल्या हुकूमनाम्यापोटी त्याचा घोडा, खोगीर आणि जमीनमोजणीची उपकरणं जप्त झाली, आणि मोजणीच्या कामावर तर त्याचं पोट चाललं होतं. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याने ते सगळं लिलावात १२० डॉलरला विकत घेतलं आणि जसंच्या तसं त्याला परत दिलं. आता सांगा, तो शॉर्ट त्या दिवशी लिलावाला आला नसता तर लिंकनने काय विकून, काय मोजून ते कर्ज फेडलं असतं? शब्द पाळायलासुद्धा हातात हत्यार लागतं. लिंकनची गोष्ट मला म्हणूनच माझ्या बाजूची वाटते.

आणि ही हत्यारांची गोष्ट कायद्याला नवी नाहीये. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० वाचा, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं जप्त करता येत नाही असं त्यात लिहिलंय. इंग्लंडच्या १९८६ च्या नादारी कायद्यातही कामाला लागणारी साधनं, पुस्तकं, गाडी जप्तीतून वगळली आहेत. म्हणजे तत्त्व सगळीकडे मान्यच आहे की माणसाचं सगळं घ्या पण ज्याने तो उद्या कमावणार ते घेऊ नका. फक्त काळ बदलला आणि हत्यारं बदलली हे कायद्याने पुरतं लक्षात घेतलेलं नाही. आज बहुतेक लोकांचं हत्यार म्हणजे रंधा-करवत नसते. आज हत्यार म्हणजे पगार जमा होईल असं खातं, पत्त्याचा पुरावा देता येईल असं भाड्याचं घर, आणि नोकरी देणाऱ्याने तपासलं तर आडवं येणार नाही असं रेकॉर्ड. ही तीन काढून घेतलीत तर तुम्ही सुताराची करवतच उचलून नेलीत.

दुसरा मुद्दा फसवणुकीचा, आणि त्याला जोडूनच की सुटका सोपी केली तर लोक बेफिकीर होतील. फसवणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालमत्ता बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर करून कोर्टात गरीब होऊन येणारे असतात आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांना मान खाली घालावी लागते. त्यांना सोडू नये. पण त्यांना शोधायची जागा म्हणजे दिवाळखोरीची चौकशी, तिथे कागद मागा, पाच वर्षांचे व्यवहार उकरा, खोटं सापडलं तर कर्जमुक्ती नाकारा. इंग्लंडमध्ये तशी सोय आहे, ज्याच्या वागण्यात दोष दिसला त्याच्यावर दोन ते पंधरा वर्षांपर्यंत निर्बंध घालता येतात, आणि साधा माणूस मात्र सहसा बारा महिन्यांत मोकळा होतो. चौकशी एकदा झाली, निकाल लागला, तर मग पुढे दहा वर्षं प्रत्येक घरमालकाने आणि प्रत्येक मॅनेजरने तीच चौकशी नव्याने करून तोच माणूस पुन्हा पुन्हा दोषी का ठरवायचा? असं आपण खुनाच्या खटल्यातल्या निर्दोष माणसाशीही वागत नाही, निदान वागू नये असं मानतो तरी.

बेफिकिरीचं म्हणाल तर त्यावर अंदाज बांधत बसायची गरज नाही, एक चांगला अभ्यास झालेला आहे. विल डॉबी आणि जे साँग या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या दिवाळखोरीच्या पाच लाखांवर अर्जांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे अर्ज कुठल्या न्यायाधीशाकडे जाणार हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, काही न्यायाधीश सढळ, काही कडक, त्यामुळे अगदी सारख्या परिस्थितीतल्या दोन माणसांपैकी एकाला दिवाळखोरीचं संरक्षण मिळतं आणि दुसऱ्याला नाही, आणि मग पुढे दोघांचं काय झालं हे ताडून पाहता येतं. संरक्षण मिळालेल्यांची पुढच्या पाच वर्षांतली कमाई वर्षाला सुमारे साडेपाच हजार डॉलरने जास्त निघाली, आणि त्या काळात मृत्यूचं प्रमाण १.२ टक्के-बिंदूंनी कमी. मृत्यूचं प्रमाण! कर्ज माफ झालं म्हणून माणसं हातपाय पसरून झोपली असती तर कमाई घटायला हवी होती. ती वाढली, कारण ज्याच्या पगारावर जप्ती येत राहते त्याला जास्त काम करण्यात काय राम वाटणार, जास्तीचं सगळं दुसऱ्याकडेच जाणार असतं, आणि वसुलीवाल्यांना चुकवायला घर बदललं की नोकरीही बदलावी लागते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो आणि तो दोन्ही तटांकडून क्वचितच ऐकू येतो. पैसे बुडतात ते फक्त बँकेचे नसतात. उधारीवर माल देणारा छोटा व्यापारी असतो, तीन महिन्यांचा पगार राहिलेला कामगार असतो, विश्वासाने साठवणीतले पैसे काढून दिलेली सख्खी बहीण असते. बँक असं नुकसान धरूनच व्याजाचा दर ठरवते, बहिणीने काही दर लावलेला नसतो. कोर्टाने 'मोकळा' म्हटलं की तिचा हक्कही संपतो, आणि तिला जाऊन 'अगं, हे अर्थव्यवस्थेच्या हिताचं आहे' असं सांगणं क्रूरपणा होईल. मी तिच्या जागी असतो तर मलाही राग आला असता आणि तो राग रास्तच असता. तिचं नुकसान भरून काढेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

पण तिच्या बाजूने विचार केला तरी दिवाळखोरीचा कायदा नसण्यापेक्षा असणंच तिला जास्त फायद्याचं आहे. कायदा नसतो तेव्हा काय होतं? जो सगळ्यात जोरात दार ठोकतो त्याला आधी मिळतं. ज्याच्याकडे वकील आहे, वसुलीची माणसं आहेत, तो आधी पोचतो आणि असेल ते उचलतो. मागायला संकोचणारी बहीण शेवटी, तिच्यापर्यंत काही उरतच नाही. दिवाळखोरीत निदान सगळ्यांना एका रांगेत उभं केलं जातं, तारण नसलेल्यांना आपापल्या रकमेच्या प्रमाणात वाटणी होते, कामगाराच्या थकलेल्या पगाराला बऱ्याच देशांत आधीचा नंबर असतो. आणि दुसरं म्हणजे, कर्जमुक्ती झाली म्हणून स्वखुशीने फेडायला कुणी मनाई करत नाही, अमेरिकेच्या कायद्यात तर तसं स्पष्ट लिहिलंय. बहिणीचे पैसे परत यायची आशा असेल तर ती एकच, भाऊ पुन्हा कमवायला लागला पाहिजे. त्याला नोकरीच्या दारातून हाकलणारा माणूस नकळत तिचेही पैसे कायमचे बुडवतोय.

इथे एक गोष्ट मला फार खुपते. इंग्लंडमध्ये १८५५ साली मर्यादित जबाबदारीचा कायदा झाला आणि हळूहळू सगळ्या जगाने ते तत्त्व घेतलं, की कंपनी बुडाली तर भागधारकाने घातलेलं भांडवल जाईल, त्याच्या घरापर्यंत कुणी येणार नाही. तेव्हाही लोक म्हणाले होते की हा तर देणं बुडवायचा परवाना झाला. आज त्यावर कुणी बोलतसुद्धा नाही, उलट एखाद्याच्या दोन कंपन्या बंद पडल्या की आपण त्याला अनुभवी म्हणतो, त्याला भाषणाला बोलावतो. आणि दवाखान्याच्या बिलापायी, गॅरंटर म्हणून केलेल्या एका सहीपायी ज्याचं दिवाळं निघालं तो मात्र चारित्र्याने कमी. हेन्री हाइन्झचा व्यवसाय १८७५ मध्ये दिवाळ्यात गेला, पुढच्याच वर्षी त्याने भाऊ आणि चुलतभावाबरोबर नवा काढला, ते नाव आज जगभर केचपच्या बाटल्यांवर आहे. त्याचं आपल्याला कौतुक वाटतं कारण शेवट माहीत आहे. ज्याचा शेवट अजून लिहिलेला नाही त्याच्याशी आपण कसे वागतो यावर खरी परीक्षा आहे.

'पण कर्ज देणाऱ्याला आधीचं रेकॉर्ड कळायला नको का?' कळायला हवं, हे मी मान्य करतो. जो पैसे देणार त्याला धोका मोजायचा हक्क आहे, काही वर्षांपुरता. इंग्लंडमध्ये ही नोंद साधारण सहा वर्षं दिसते, अमेरिकेत दहापर्यंत. पण नोकरी देणारा तुम्हाला कर्ज देत नाहीये, तो महिनाभर काम करून घेऊन मग पगार देतो, म्हणजे उसनवारी झालीच तर उलटी आहे. अमेरिकेत दिवाळखोरीच्या कारणावरून कामावरून काढायला बंदी आहे, सरकारी नोकरी नाकारायलाही बंदी आहे, पण खासगी मालकाने नवीन नोकरीच नाकारली तर चालतं असा अर्थ तिथल्या अपील न्यायालयांनी लावलाय. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की त्याच माणसाला कर्जाच्या ऑफर मात्र लगेच यायला लागतात, कारण एकदा सुटका झाली की पुढची आठ वर्षं त्याला तशीच सुटका पुन्हा मागता येत नाही, मग जबर व्याजाने द्यायला तो उत्तम गिऱ्हाईक. ज्यांना त्याच्यापासून जपून राहायचा हक्क आहे ते त्याच्या मागे धावतात आणि ज्यांना कसलाच धोका नाही ते दार लावून घेतात, असं सगळं उलटं होऊन बसलंय.

त्या माणसाकडूनही मागण्यासारखं काही आहे आणि ते मागायला मला संकोच नाही. पहिलं वर्षभर त्या ऑफर्सना हात लावू नये. भाडं, वीज, फोन यांचे पैसे तारखेला जायला हवेत, कारण नवी पत यातूनच उभी राहते, छोट्या आणि कंटाळवाण्या नियमितपणातून. पोटगी, मुलांचा खर्च असली देणी कुठल्याही कर्जमुक्तीत सहसा सुटत नाहीत आणि सुटूही नयेत. आणि घरात बोलायला हवं. दिवाळं निघण्याच्या आधीचा काळ बऱ्याच जणांनी घरच्यांपासून लपवण्यात घालवलेला असतो, एक कर्ज फेडायला दुसरं, दुसऱ्यासाठी तिसरं, सगळं एकट्याने. ती सवय नंतरही राहिली तर पुन्हा तोच खड्डा. पण हे सगळं करायला माणूस आधी उभा राहू शकला पाहिजे, आणि ज्याला कुठेच उभं राहू दिलं जात नाही तो लपतच राहणार.

मग करायचं काय? आयर्लंडमध्ये दिवाळखोरीतून सुटायला बारा वर्षं लागायची, ती आधी तीनवर आणली आणि २०१६ मध्ये एकवर. जर्मनीने सहाची तीन केली. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात प्रामाणिक उद्योजकांना जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण कर्जमुक्ती मिळाली पाहिजे असं ठरवलं, आणि त्याआधी २०१४ मध्ये तिथे राहणाऱ्या कुणालाही साधं बँक खातं मिळण्याचा हक्क दिला. या देशांत कर्ज मिळणं बंद पडलेलं नाही. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही अगदी अल्प उत्पन्नवाल्यांसाठी नव्याने सुरुवात करण्याची प्रक्रिया लिहिलेली आहे, पण व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच. म्हणजे मोठ्या कर्जांच्या हमीदारांसाठी व्यवस्था आधी आली आणि जिथे सगळ्यात जास्त गरज होती ते प्रकरण मागे ठेवलं, हा क्रम मला कधीच पटला नाही. खात्याचा हक्क कायद्याने द्यायला हवा, नोकरीच्या आणि घरभाड्याच्या फॉर्मवर हा प्रश्न विचारायला बंदी हवी, अपवाद हवाच असेल तर दुसऱ्यांचा पैसा थेट हाताळायच्या मोजक्या पदांचा. आणि ज्याच्या चौकशीत खोटेपणा सापडला त्याला पंधरा वर्षं बांधून ठेवा, माझी काही हरकत नाही. पण जो त्या चौकशीतून स्वच्छ बाहेर आला त्याच्या कर्जमुक्तीच्या आदेशावर दुसरी एक तारीख छापा, ज्या दिवसानंतर ही नोंद कुणालाही, कर्ज देणाऱ्यालाही, बघता किंवा विचारता येणार नाही. म्हणजे तो कागद त्याला घडी करून लपवावा लागणार नाही, विचारणाऱ्याच्या टेबलावर ठेवता येईल.